मशीन झालं की येतो

मी संभाजीनगरात ज्या घरात भाड्यानं राहायचो, त्या घराचे मालक मोटारींना मार्क द्यायचे. मोटारी म्हणजे रस्त्यावरच्या नव्हेत. मुठीत मावतील एवढ्या, चौकोनी, काळ्या स्टेपर मोटारी. सांगावी तेवढीच पावलं टाकायची आणि थांबायचं, एवढंच या मोटारीचं काम. निदान पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. आमच्या मालकांच्या मोटारींनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, आणि आपण ते वाचलंय असं मालकांनीही कधी कबूल केलं नाही.

मालक म्हणजे सर. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. मूळचे कन्नड तालुक्यातले, पण सगळी नोकरी शहरात झालेली. सिडकोतल्या घरात खाली सर आणि काकू, वरच्या खोल्यांत मी. मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याच्या तोंडाकडे न बघता माल परत पाठवायचा, हा माझा धंदा. त्यामुळे माणसं मला फारशी जवळ करत नाहीत, आणि मलाही त्याचं विशेष वाईट वाटत नाही.

खोली बघायला गेलो तेव्हा सरांनी मला लग्नाचं विचारलं नाही, मांसमच्छीचं विचारलं नाही, पाहुणे किती येतात तेही विचारलं नाही. जिन्याखालच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, "आवाजाचा तरास होतो का तुम्हाला?"

"कसला आवाज?"

तेवढ्यात शेडमधून एक लांबलचक कण्हणं ऐकू आलं. लोखंडी कपाट कुणीतरी फरशीवरून ओढत न्यावं तसं.

"ह्याचा," सर म्हणाले.

मी नाही म्हटलं, आणि खोली मिळाली. काकू मागं उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

शेडमध्ये मशीन होतं. घरी बनवलेलं सीएनसी मशीन, म्हणजे कंप्यूटरनं आखून दिलेल्या रेषेवरून लाकूड कापणारं यंत्र. आमच्या कंपनीत अशी यंत्रं खोलीएवढी आहेत, आणि त्यांच्याजवळ जायलाही आधी सही लागते. सरांचं मशीन शाळेच्या एका मोडक्या बाकावर उभं होतं. चौकट सरकत्या खिडकीच्या अॅल्युमिनियमची, दांड्या जुन्या प्रिंटरमधून काढलेल्या, आणि कापायला सुताराकडचं जुनं राउटर, म्हणजे फिरत्या पात्याचं हत्यार. आडवं सरकायला एक मोटार, वर-खाली व्हायला एक, आणि पुढं-मागं जायला डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी जोडी. प्रत्येक मोटारीला आपला ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढी एक पट्टी, आणि तिच्यावर मेथीच्या दाण्याएवढा एक स्क्रू. तो स्क्रू फिरवला की मोटारीला किती करंट मिळायचा ते ठरतं. कमी पडला तर मोटार पावलं चुकते, जास्त झाला तर तापते, आणि फारच झाला तर ड्रायव्हर धूर सोडून कायमचा निरोप घेतो.

या मेथीच्या दाण्यावर सरांचं स्वतःचं असं तत्त्वज्ञान होतं.

"करंट म्हंजे रागावणं," ते मला समजावून सांगत. "पोराला रागावलंच नाय तर ते पाऊल चुकवतं. लई रागावलं तर तापतं, मग काही ऐकतच नाय. ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं. सगळ्या वर्गाला एकच काठी, हे आपल्याला मान्य नाय."

मी म्हटलं, "सर, त्याला मीटर असतो. ड्रायव्हरच्या स्क्रूवर मीटरची सुई टेकवायची, आकडा बघायचा, मोटारीच्या मापाप्रमाणे हिशेब करायचा. पाच मिनिटांचं काम आहे."

"रागावणं मीटरनं मोजतात व्हय?" सरांनी विचारलं, आणि माझी कीव केल्यासारखं हसले.

त्यांची मोजायची पद्धत वेगळी होती. मशीन थोडा वेळ चाललं की ते प्रत्येक मोटारीवर हाताची पालथी बाजू ठेवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी. मग डोळे मिटून विचार करत आणि खडूनं मोटारीच्या पाठीवर मार्क लिहीत. आडव्या मोटारीचं नाव मॉनिटर. ती हुशार, पण तिला हुशारीचा गर्व. वर-खाली होणारी मोटार सारखी कुंईकुंई करायची, म्हणून ती रडकी. डाव्या-उजव्या जोडीला ते जुळे म्हणत. उजवा जुळा कामाचा होता. डावा मागं राहायचा, आणि तो मागं राहिला की वरची सगळी चौकट तिरकी व्हायची. मग वर्तुळाच्या जागी वांगं निघायचं.

वर्तुळाशिवाय दुसरं काही ते मशीन कधी कापतच नसे. गणपती कापा, नावाची पाटी कापा, असं मी सुचवून पाहिलं. "आधी वर्तुळ," सर म्हणत. "ज्याला वर्तुळ येत नाय त्यानं गणपतीच्या पोटाला हात घालू नये."

सरांचं वर्तुळ शाळेत प्रसिद्ध होतं, हे मला गल्लीतल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून कळलं. फळ्याकडे पाठ करून, पोरांकडे बघत बघत, खांद्यातून एकदा हात फिरवायचे, आणि खडू निघाला तिथंच परत येऊन टेकायचा. तपासणीला आलेल्या साहेबानं एकदा कंपास लावून पाहिला म्हणे, आणि गुपचूप खिशात घातला. मग निवृत्तीच्या थोडं आधी सरांचा उजवा हात थरथरायला लागला. सरांनी काही हे कबूल केलं नाही. आधी ते म्हणाले, आताच्या खडूत दम राहिला नाही. मग फळ्याचं प्लायवूड हलक्या जातीचं निघालं. मग खिडकीतून वारा यायला लागला. निवृत्त झाल्यावर दोष द्यायला फळाही राहिला नाही, तेव्हा त्यांनी मशीन बांधायला घेतलं.

स्वतःकडे चूक घ्यायची नाही, ही विद्या त्यांना फार वरच्या दर्जाची साधलेली होती. एकदा काकूंनी पाण्याच्या पिंपावर झाकण मागितलं. सरांनी मोठ्या झोकात माप घेतलं, कंप्यूटरला सांगितलं, आणि मशीननं पिंपाच्या तोंडाच्या बरोबर निम्म्या मापाची चकती कापून दिली. कारण सोपं होतं. मोटारीच्या एका पावलाचे बारीक बारीक तुकडे किती करायचे, हे ड्रायव्हरखालच्या चिमुकल्या टोप्या घालून-काढून ठरवायचं असतं. सरांनी प्रत्येक ड्रायव्हरखाली एक टोपी जास्त बसवली होती, आणि कंप्यूटरला ते सांगितलं नव्हतं. पाऊल निम्मं झालं, म्हणून झाकणही निम्मं झालं. मी हे सगळं नम्रपणे सांगितलं. सरांनी चकती हातात घेतली, पिंपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वर्तुळाला काय झालंय? पिंपच मोठं आणलंय हिनं."

काकूंनी ती चकती लोट्यावर झाकली. वाकडी निघालेली वर्तुळंही त्या वाया जाऊ देत नसत. पाण्याच्या दिवशी भरून ठेवलेली पिंपं, बादल्या, कळश्या, सगळ्यांवर सरांची वांगी झाकलेली असत. एकही नीट बसत नसे. काकू येता-जाता मशीनचा उद्धार करत, आणि तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई. "भंगार नुसतं! ह्या भंगारानं माझं आंगण खाल्लं!" मला त्या बाईंचं खरंच वाईट वाटे.

औरंगपुऱ्यात सरांचा एक ठरलेला दुकानदार होता. सिल्लोडचा माणूस, ड्रायव्हर, वायरी, सोल्डर असलं विकणारा. मशीन चालू असताना मोटारीची वायर उपटली की ड्रायव्हर जळतो, हे तो सरांना दरवेळी सांगायचा, आणि सर दरवेळी नवा ड्रायव्हर घ्यायला यायचे. एकदा मी बरोबर होतो.

"क्या सर, फिर भून डाले क्या?"

"जला नहीं," सर म्हणाले. "उसने राजीनामा दिया."

"मैं बोलतूं, एकदम चार-पाच लेके जाव ना. बार बार चक्कर कायकू?"

"नको. घर में एक और रखा, तो बाकी लोगां को मालूम पड़ता के अपनी जगह लेने वाला तैयार बैठा है. फिर दिल लगाके काम नहीं करते."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. सर बाहेर चप्पल घालायला गेले तसा तो गल्ल्यावरून वाकून म्हणाला, "तुमारे सर ना, समझ मेंच नहीं आते. पिछले साल मीटर लेके गए, अच्छा वाला. मैं पूछा मीटर कैसा चल रा, तो बोलते मीटर लियाइच नहीं."

मीही ती गोष्ट म्हातारपणाच्या खात्यात टाकून दिली.

सरांचा मुलगा पुण्याला होता, कंप्यूटरच्याच कंपनीत. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, आणि सर फोन मोठ्या आवाजावर टाकून बोलायचे, त्यामुळे वर मलाही त्या घरची सगळी खुशाली कळायची.

"बाबा, मशीन झालं का?"

"होतंय."

"खोली तयार आहे तुमची. गादीसुद्धा आणून टाकली. कधी येताय?"

"मशीन झालं की येतो. अर्धं काम टाकून येऊ व्हय?"

मागून काकू ओरडायच्या, "त्या भंगाराला आग लावून जा बाबा तू एकदा! ह्यांचं काय व्हत नाय न् जात नाय!"

मुलगा हसायचा आणि फोन ठेवायचा. तो वाईट नव्हता. आईबापांना एकटं ठेवायला त्याचा जीव धजत नव्हता, एवढंच. दोघांना पुण्याला न्यायचं आणि घर बिल्डरला द्यायचं, असा त्याचा बेत होता. घर गेलं की माझी खोलीही जाणार, तेव्हा या प्रकरणात मी काही अगदीच परका नव्हतो. तरी मला मनातून मुलाचंच पटायचं. म्हाताऱ्याच्या एका हट्टापायी म्हातारीनं नातवाशिवाय दिवस काढायचे, हा कुठला न्याय, असं मला वाटे. काकूंच्या बाजूनं सरांशी दोन शब्द बोलावेत असंही मनात यायचं. पण मशीन ही एक गोष्ट सोडली तर सरांशी दुसऱ्या कशावर बोलता येत नसे.

मग एका दुपारी शिफ्ट बदलली म्हणून मी लवकर घरी आलो. शेडचं दार उघडं होतं. राउटर नुकतंच थांबलेलं, आणि बाकावर वर्तुळ होतं. मी दारातच थांबलो. माझा धंदा असा आहे की वस्तू हातात घेण्याआधी डोळ्यांनाच कळतं. ते वर्तुळ चांगलं होतं. कापाची सुरुवात आणि शेवट एकमेकांत अशी मिसळली होती की सांधा सापडू नये. सर ते कितीतरी वेळ बघत राहिले. चेहरा असा, जसा वर्गात पहिल्यांदा पहिला नंबर आलेल्या पोराचा असतो. मग त्यांनी वर्तुळ उचलून जुन्या रद्दीखाली सरकवलं, बारीक पेचकस घेतला, आणि डाव्या जुळ्याचा स्क्रू हलकेच मागं फिरवला.

मी आयुष्यात चांगला माल वाईट करताना कुणालाही पाहिलेलं नव्हतं. मी खाकरलो.

"लई तापत व्हता," सर माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी मोटारीला हात लावून पाहिला. ती कोमटसुद्धा नव्हती.

मला हे कुणाला तरी विचारल्याशिवाय राहवेना. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्या भागात पाणी येणं म्हणजे लहानसा सणच असतो. सगळ्या बायका पाइप घेऊन फाटकाशी, आणि घराघरातल्या बातम्या पाण्याच्या आधी टाकीत पडतात. काकूंची पिंपं भरून झाली तेव्हा मी हळूच म्हटलं, "काकू, मशीन तर झालेलं आहे."

काकूंनी आधी गल्लीकडे पाहिलं. मग पाइपवर पाय ठेवून पाणी बंद केलं.

"मला नाय जायचं पुण्याला," त्या म्हणाल्या.

मी पिंपावरचं वांगं सरळ करायला घेतलं.

"सून लई गुणाची आहे बरं का. तिला नाव नाय ठेवणार मी. मला सैपाकघरात पाऊल ठेवू देत नाय, आई तुम्ही बसा म्हणती. बसते मी. सकाळपासून संध्याकाळपत्तोर बसते. नळाला चोवीस तास पाणी. मग बाहेर कुणी येतच नाय, बोलायचं कुणाशी? शेजारचं दार कधी उघडतं कधी लागतं कळत नाय. तिथं मी पाहुणी असते. इथं माझ्या शिव्यासुद्धा माझ्या घरातल्या असत्यात."

"मग मुलाला तसं सांगा ना."

"कसं सांगू? एवढ्या मायेनं बोलावतंय. तोंडावर नाय म्हटलं तर त्याच्या जीवाला लागंल. बायकोवर राग काढंल, तिचं काय चुकलंय?" काकूंनी पदरानं हात पुसले. "म्या एक दिवस रडले ह्यांच्यापुढं. तर हे म्हणाले, माझ्यावर ढकल. म्हातारा येडा झालाय म्हण, मशीन सोडत नाय म्हण. येडं म्हटलेलं मला चालतं म्हणाले."

"म्हणजे सरांना स्वतःला…"

"ह्यांना काय, ह्यांना तिथं बी करमंल. नातवाला चित्र शिकवायची लई हौस आहे." त्यांनी पाय उचलला, आणि पाइप पुन्हा वाहायला लागला. "कुणाला बोलू नका," असं म्हणून काकूंनी आवाज चढवला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा सुरात मशीनला दोन शिव्या घातल्या.

त्यानंतर मी त्या घरात वेगळ्या नजरेनं वावरायला लागलो. सर शेडमध्ये काय काय करायचे ते मला आता कळायचं. एका आठवड्यात डाव्या जुळ्याचा करंट कमी, दुसऱ्या आठवड्यात एखादी टोपी इकडची तिकडे. दोष इतका बेतानं ठेवलेला, की कुणी पाहिलं तर वाटावं, बस, आता होतच आलंय. चूक करायलाही हात लागतो, आणि सरांचा त्या कामात हात अजिबात थरथरत नसे. उरलेल्या वेळी ते मला रागावण्याचं तत्त्वज्ञान ऐकवत, आणि मी अडाण्यासारखी मान डोलावत असे. काकूंचा उद्धार ऐकला की आता मला ते गाणं वाटायचं. दोघांनी मिळून एवढं मोठं नाटक चालवलं होतं, आणि प्रेक्षक म्हणून मला फुकट जागा मिळाली होती.

नाटक मोडलं ते सरांच्याच हातानं.

मुलगा कन्नडला कुणाच्या तरी लग्नासाठी आला होता, तिथून रविवारी सकाळी घरी आला. एकटाच. चहा पिऊन शेडमध्ये गेला. सरांनी मलाही हाक मारली. त्यांना प्रेक्षक लागायचे. मशीन चालू झालं, डावा जुळा मागं राहिला, आणि ठरल्याप्रमाणे एक चांगलं गुबगुबीत वांगं निघालं.

मुलानं ते उचलून पाहिलं. "बाबा, एक सांगू? मी तुम्हाला तिकडे तयार मशीनच घेऊन देतो. खोक्यातून काढायचं, प्लग लावायचा, वर्तुळ काढायचं. हे करंट सेट करणं वगैरे तुमचं काम नाही."

"माझं काम नाय?" सर म्हणाले.

"तसं नाही हो. हा स्क्रू केवढासा आहे, बघा ना. आणि तुमचा हात आता स्थिर राहत नाही. त्याच्यात तुमची काय चूक?"

तो हे अतिशय मायेनं म्हणाला, आणि तिथंच घात झाला. त्या घरात हाताचं नाव आजवर कुणी काढलं नव्हतं. खडू वाईट, फळा वाईट, वारा वाईट, पण हात कधीच नाही. सरांचे कान लाल झालेले मला दिसले. मी म्हटलं, "सर, जेवायची वेळ झाली." आतून काकूंनीही हाक दिली, "चला, पिठलं झालंय." बहुतेक त्यांनीही ऐकलं होतं.

सरांनी दोघांचंही ऐकलं नाही. रंगाच्या डब्यांमागं हात घालून त्यांनी मीटर काढला. अच्छा वाला. मोटारींची वीज बंद केली, टोप्या चिमट्यानं काढून जागच्या जागी बसवल्या, वीज चालू केली, मीटरची एक सुई पट्टीच्या कोपऱ्यात टेकवली, दुसरी मेथीच्या दाण्यावर, आणि पेचकस फिरवला. आकडा बघितला, परत थोडा फिरवला. मॉनिटर झाली, रडकी झाली. दोन्ही जुळ्यांना त्यांनी एकाच आकड्यावर आणून उभं केलं. रागावण्याचं तत्त्वज्ञान त्या दिवशी सुट्टीवर होतं. मुलगा तोंड उघडं टाकून बघत होता. मी मात्र मनातल्या मनात सरांच्या पाया पडत होतो, की थांबा, आता तरी थांबा.

नवी फळी लावली. राउटर फिरायला लागलं. मशीन कण्हलं नाही, नुसतं गुणगुणलं. चौकट सरळ पुढं गेली, सरळ मागं आली, आणि पातं जिथून निघालं होतं तिथंच येऊन टेकलं. सर आमच्याकडे वळले. शाळेत फळ्यापाशी ते कसे उभे राहत असतील, ते मला तेव्हा दिसलं. छाती पुढं, खडूचा हात मागं, आणि डोळ्यांत असा भाव, की आहे का कुणाला काही शंका?

मुलानं टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. बापाला मिठी मारली. "बाबा, भन्नाट! एक नंबर!" मग त्याला एकदम आठवलं. "म्हणजे झालं की मशीन!"

राउटर फिरत फिरत थांबलं. सरांचा चेहरा हळूहळू उतरला. आपण काय केलं ते त्यांना त्या क्षणी कळलं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"मी टेम्पोवाल्याशी बोलतो," मुलगा म्हणाला. "मशीनही घेऊन जाऊ. गॅलरीत बसेल. पुढच्या महिन्यात दोघं माझ्याकडे. आई, ऐकलंस का? झालं बाबांचं मशीन!"

काकू स्वयंपाकघराच्या दारातून आल्या. हाताला पीठ होतं. त्यांनी सरांकडे पाहिलं नाही. मशीनकडे गेल्या, फळीतून वर्तुळ काढून घेतलं आणि उजेडात धरलं. त्यांच्या बोटांचं पीठ त्याच्या कडेला लागलं.

"गोल कुठं आहे ह्यो?" त्या म्हणाल्या.

"आई, काय बोलतेस!" मुलगा हसला. "एवढा सुंदर गोल आहे."

"मला काय दिसत नाय व्हय? हितं दबलाय."

"बरं, थांब. आपल्याकडे तज्ज्ञ आहेत." तो माझ्याकडे वळला. "तुम्ही क्वालिटीला आहात ना? मोजा बरं. आईची खात्री पटू दे."

मी वरून व्हर्नियर आणला. जिना चढताना आणि उतरताना मी फक्त एकच विचार करत होतो, की आज नेमका माल खराब निघू दे. मी उभं मोजलं, आडवं मोजलं, तिरकं मोजलं. कंपनीत मी तो तुकडा कुणालाही न विचारता पास केला असता. मी पुन्हा मोजायचं नाटक केलं, कारण तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची मला खात्री नव्हती. काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या सरांकडे बघत होत्या, आणि त्यांचा पिठाचा हात पदराला घट्ट धरून होता.

मी बोलायच्या आत सरांनी ते वर्तुळ माझ्या हातातून काढून घेतलं. अंगठा कडेवर ठेवला आणि सावकाश फिरवत नेला, निघाला तिथं परत येईपर्यंत. खडू सुटल्यापासून त्यांनी काढलेलं हे सगळ्यात चांगलं वर्तुळ होतं, आणि चार माणसांसमोर काढलेलं तर एकमेव. अंगठा पुन्हा एकदा फिरला. हात थरथरत होता.

"व्हय," सर म्हणाले. "दबलाय."

"बाबा?"

"माझंच चुकलं. हातच हलला माझा. डाव्याचा करंट नीट बसला नाय."

"मला तर काही दिसत नाही बाबा."

"तुला चित्रकलेत कधी मार्क पडले व्हते का?"

मुलानं वर्तुळ पाहिलं नाही. बापाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. बराच वेळ. मग पिठाचा ठसा उमटलेल्या त्या कडेवरून नुसतं बोट फिरवलं, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"किती दिवस लागतील मग?"

"आता काय सांगावं," सर म्हणाले. "नाजूक काम आहे."

"घाई नाही," मुलगा म्हणाला. "सावकाश करा. मीच येत जाईन."

"चला आता," काकू म्हणाल्या, "पिठलं गार व्हायलं."

आम्ही स्वयंपाकघरातच ओळीनं बसलो. त्या घरात मुलगा पुण्याहून आला की तव्यावरची पहिली भाकरी त्याची असायची. त्यानं सवयीनं ताट पुढं केलं. काकूंनी टम्म फुगलेली भाकरी तव्यावरून उचलली, मुलाच्या ताटावरून तशीच पुढं नेली आणि सरांच्या ताटात ठेवली. वर लोण्याचा गोळा घातला.

"थांब जरा," त्या मुलाला म्हणाल्या. "आधी त्यांना."